पळून जाणे आणि पळवून नेणे : मूकपटांतील हरणकथा व स्त्रीची संमती

१

मराठीत ‘पळणे’ या अकर्मक क्रियापदापासून ‘पळवणे’ हे प्रयोजक रूप सिद्ध होते. ‘मुलगी पळून गेली’ या वाक्यात मुलगी कर्ता असते. ‘मुलगी पळवून नेली’ या वाक्यात ती कर्म होते आणि कर्ता बहुधा अध्याहृत राहतो. घटना एकच असू शकते. ती कोणत्या वाक्यात सांगितली जाते यावर मात्र त्या मुलीचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. संस्कृतातून आलेला ‘हरण’ हा शब्द हा भेद दाखवीत नाही. सीताहरण हेही हरण आणि रुक्मिणीहरण हेही हरणच. पहिल्यात स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिला नेले जाते. दुसऱ्यात तिच्याच सांगण्यावरून. पहिल्या कथेत हरणानंतर सुटका येते. दुसरीत हरण हीच सुटका असते.

मूकपटाच्या काळात मराठी निर्मात्यांनी हरणकथा वारंवार पडद्यावर आणल्या. दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’ १९१७ चा, तर ‘रुक्मिणीहरण’ १९२७ चा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२१ मध्ये ‘सुरेखाहरण’ काढला, व्ही. शांताराम पडद्यावर प्रथम दिसले ते याच चित्रपटात, कृष्णाच्या भूमिकेत. या चित्रपटांचा विचार करताना आपली समीक्षा सहसा दोन वाटांनी जाते. एक वाट त्यांना ‘पौराणिक’ म्हणून बाजूला ठेवते. दुसरी वाट पाश्चात्त्य मेलोड्रामाचे अपहरण व सुटका हे सूत्र त्यांना लावते आणि खलनायक, पीडिता व त्राता हा त्रिकोण शोधून थांबते. हरणकथेचा खरा प्रश्न त्राता कोण हा नसून स्त्रीची इच्छा कोणत्या चिन्हाने दाखवली जाते हा आहे, आणि मूकपटासारख्या शब्दहीन माध्यमात तो अधिक उघडा पडतो, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे.

एक मर्यादा आरंभीच नोंदवली पाहिजे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांपैकी आज हाताशी असलेले अगदी मोजके, आणि तेही अनेकदा तुकड्यांच्या रूपात. त्यामुळे येथे वाचन करावयाचे आहे ते एकेका चित्रपटाच्या चौकटींचे नव्हे, तर कथारूपाचे, त्यामागच्या मराठी वाङ्मयीन परंपरेचे आणि ज्या प्रयोगसंकेतांतून ते प्रेक्षकांपर्यंत पोचले त्या संकेतांचे.

२

मेलोड्रामाच्या अभ्यासात पीटर ब्रुक्स यांचा १९७६ चा ग्रंथ पायाभूत मानला जातो. शब्द जेथे अपुरे पडतात तेथे मेलोड्रामा हावभाव, स्थिर दृश्य आणि वस्तू यांचा आश्रय घेतो, असे ब्रुक्स दाखवतात. मूकपणा ही त्यांच्या दृष्टीने या प्रकाराची उणीव नसून त्याची भाषाच आहे. निष्पाप व्यक्तीला आपले निष्पापपण बोलून सिद्ध करता येत नाही. ते ओळखले जावे लागते. म्हणून मेलोड्रामाच्या शेवटी नुसती सुटका पुरत नाही, ओळख पटावी लागते.

पाश्चात्त्य मूकपटाने यातील सुटकेचा भाग उचलून त्याचे तंत्र बनवले. १९०५ च्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या लहानशा इंग्रजी चित्रपटात पळवलेले तान्हे मूल घरचा कुत्रा शोधून काढतो. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९०८ चा पहिलाच चित्रपट पळवलेल्या मुलीचा. पुढे संकटातील स्त्री आणि धावत येणारा त्राता यांची दृश्ये आलटून पालटून जोडण्याची रीत त्यांनी इतकी रुळवली, की शेवटच्या क्षणी होणारी सुटका हा त्यांचा शिक्काच ठरला. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये याच तंत्राने कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारे घोडेस्वार प्रेक्षकांना त्राते वाटू लागतात. संकटातील गोरी स्त्री एकदा पडद्यावर दाखवली, की तिच्या नावाने होणारी कोणतीही हिंसा न्याय्य ठरते. तेथे स्त्रीला काय हवे आहे हे विचारण्याची गरजच उरत नाही. घोड्यांच्या टापांनी तिच्या वतीने उत्तर दिलेले असते.

आता ‘लंकादहन’कडे पाहावे. चित्रपटाच्या नावात सीतेचे हरणही नाही आणि तिची सुटकाही नाही. नाव आहे ते दहनाचे. ज्या पर्वाला हे नाव मिळाले त्यात हनुमान सीतेला शोधतो, मुद्रिका देतो, लंका पेटवतो आणि परततो. सीता अशोकवनातच राहते. पाश्चात्त्य सूत्राने पाहिले तर ही अपुरी सुटका आहे. पण रामायणाच्या अंगाने पाहिले तर येथे सुटकेचा एक प्रस्ताव आलेला असतो आणि तो सीतेने नाकारलेला असतो. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान तिला पाठीवर बसवून नेण्याची तयारी दाखवतो; ती नको म्हणते. परपुरुषाचा स्पर्श आपण होऊन करणार नाही, आणि रावणाला जिंकून रामानेच आपल्याला न्यावे, अशी तिची कारणे आहेत. त्यांवर पातिव्रत्याच्या चौकटीची छाया आहे हे खरे. तरीही सुटका कोणाकडून आणि कशी करून घ्यायची हे ठरवणारी स्त्री या प्रसंगात उभी आहे, हे नजरेआड करता येत नाही. तिचा होकार वा नकार पोचवणारी चिन्हे दोन आहेत : रामाकडून आलेली मुद्रिका आणि तिने परत पाठवलेला चूडामणी. मूकपटाला ही वस्तूंची भाषा आयती मिळाली होती.

या चित्रपटातील राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच नटाने, अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली तारामतीही तेच होते. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या स्त्रिया पडद्यावर आल्या असल्या, तरी ‘लंकादहन’च्या वेळी स्त्रीभूमिकेसाठी पुरुषाकडे पाहणेच अजून स्वाभाविक होते. ही घटना चित्रपटेतिहासात गमतीचा तपशील म्हणून नोंदवली जाते. समीक्षकाने तिच्यापाशी थांबले पाहिजे. हरण झालेली आणि सोडवणारा एकाच देहात असतील, तर कथेतला स्त्रीचा देह जवळपास संकेतापुरताच उरतो. राम ज्या विरहाने व्याकूळ आहे तो विरहही आणि ज्या सीतेसाठी तो व्याकूळ आहे ती सीताही एकाच पुरुषाच्या अभिनयातून येते. प्रेक्षक मात्र हे भक्तिभावाने पाहत होते. राम पडद्यावर येताच पायांतली पादत्राणे काढली जात, असे सांगितले जाते. प्रेक्षकांची फसवणूक होत होती असे म्हणण्याचे कारण नाही. नटाचा देह आणि भूमिका यांतले अंतर मान्य करूनच पाहण्याची सवय त्यांना लोकनाट्याने लावलेली होती. परंतु या सवयीची एक किंमत होती. सीतेच्या चेहऱ्यावर काय उमटावे हे ठरवण्याच्या कामात एकही स्त्री सहभागी नव्हती.

३

रुक्मिणीची कथा याच्या नेमकी उलट बाजूने सुरू होते. भागवताच्या दशमस्कंधात ती कृष्णाला निरोप पाठवते. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहतो. विवाह ठरला आहे, दिवस थोडे उरले आहेत. निरोपात ती केवळ प्रेम सांगत नाही, योजना सांगते. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे वधू नगराबाहेरच्या गिरिजेच्या देवळात जाते. तेथून मला ने. अंतःपुरातून नेताना माझ्या आप्तांना मारावे लागेल, ते टळावे म्हणून ही जागा. प्रसंग कोणता, स्थळ कोणते, वेळ कोणती, हे सर्व तिने ठरवलेले आहे. कृष्ण ते अमलात आणतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर येथे कर्म दिसणारी स्त्रीच प्रयोजक कर्ता आहे : ती पळवून नेवविते.

मराठी वाङ्मयाला ही कथा विशेष जिव्हाळ्याची आहे, आणि त्यातही विदर्भाला. रुक्मिणी विदर्भकन्या, वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर तिचे माहेर मानले जाते. आद्य मराठी कवयित्री महदंबा हिचे ‘धवळे’ याच विवाहाचे. गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्ताने रिद्धपुरास तेराव्या शतकात ते रचले गेले. त्याच पंथाच्या नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनी त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. चक्रधरांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर आमच्या भंडाऱ्याचे. त्यामुळे वैनगंगेकाठच्या वाचकाला ही परंपरा परकी नाही. मराठी कवींनी या कथेला नाव दिले ते ‘हरण’ नव्हे, ‘स्वयंवर’. ज्या प्रसंगात तलवारी उपसल्या गेल्या, भाऊ पाठलागावर धावला आणि विद्रूप होऊन परतला, त्या प्रसंगाला स्वयंवर म्हणणे म्हणजे हरणाच्या मुळाशी असलेली स्त्रीची निवड नावातच मान्य करणे होय. मराठीतील ज्ञात पहिल्या कवयित्रीने गाण्यासाठी निवडलेला विषय अशा हरणाचा असावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

रंगभूमीवर हीच भूमिका १८८२ च्या ‘सौभद्र’ने निभावली. किर्लोस्करांच्या या नाटकात सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे, बळरामाचा बेत दुर्योधनाचा आहे, आणि कृष्णाच्या कारस्थानाने हरण घडून येते. येथे घरच्यांच्या मर्जीविरुद्ध झालेले हरण प्रेक्षकांना हसवते, सुखावते. बळराम रागावतो, पण त्याचा राग नाटकाच्या शेवटी निवळतो. वडीलधाऱ्यांच्या हुकमापेक्षा मुलीची इच्छा मोठी, हे मराठी मध्यमवर्गाने संगीताच्या साथीने, टाळ्या वाजवून मान्य केले, अर्थात नाटकापुरते.

म्हणून १९२७ मध्ये फाळके ‘रुक्मिणीहरण’ या नावाने चित्रपट काढतात तेव्हा नाव पुन्हा ‘स्वयंवर’वरून ‘हरण’कडे सरकलेले दिसते. पडद्याला कृती हवी असते, आणि रथ, पाठलाग, युद्ध ही कृती हरणात आहे, निवडीत नाही. निवड मात्र एका पत्रात आहे, असे मराठी परंपरा मानते. आणि मूकपटाच्या व्याकरणात पत्राला अनन्यसाधारण स्थान होते. ज्या माध्यमात पात्रांचा आवाज ऐकू येत नाही त्यात पत्र हे एकमेव स्थळ असे, की जेथे पात्राचे शब्द पाटीच्या मध्यस्थीशिवाय, जणू त्याच्याच हस्ताक्षरात, पडद्यावर येऊ शकत. पाट्या निवेदकाच्या असतात; पत्र पात्राचे असते. रुक्मिणीची कथा म्हणूनच मूकपटाला स्त्रीचा शब्द दाखवण्याची दुर्मीळ संधी देते. सीतेजवळ वस्तू आहे, रुक्मिणीजवळ लिपी आहे. मात्र चित्रपटगृहात बसलेल्या बहुसंख्य प्रेक्षकांना अक्षरओळख नव्हती, आणि पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस त्या काळी ठेवला जात असे. तेव्हा असा शब्द पडद्यावर आला तरी प्रेक्षकांच्या कानी पडताना तो बहुधा पुरुषाच्या आवाजात पडणार. स्त्रीची संमती तिसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची आपली सामाजिक सवय येथे माध्यमाच्या रचनेतच येऊन बसते.

४

सीता आणि रुक्मिणी या दोन टोकांमध्ये सैरंध्री उभी आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० चा. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केले, ही महत्त्वाची घटना. कथा अपहरणाची नसली तरी बळजबरीची आणि तिच्या परिमार्जनाची आहे. तिला मराठी प्रेक्षकांच्या मनात आधीचा एक अर्थ चिकटलेला होता. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये त्यावर सरकारी बंदी आली. कारण कीचकात कर्झन, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल आणि सैरंध्रीत पारतंत्र्यात पडलेला देश प्रेक्षकांनी नेमका ओळखला होता. चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके भीषण वठले की ते पुढे काढून टाकावे लागले.

या रूपकाचे राजकीय सामर्थ्य निर्विवाद आहे. समीक्षेने विचारायला हवे ते हे, की स्त्री देश झाली की तिच्या इच्छेचे काय होते? देशाला स्वातंत्र्य हवेच असते. त्याची संमती गृहीत असते. स्त्रीला देशाच्या जागी ठेवले की तिचीही संमती गृहीत होते. महाभारतातील द्रौपदी मात्र गृहीत धरण्याजोगी नाही. ती राजसभेत दाद मागते, धर्मराजाचे मौन पाहते, आणि मग रात्री स्वतः उठून भीमाला मुदपाकखान्यात गाठते. पाच पतींतून त्राता तिने निवडलेला आहे. रूपकात भीमाचा आवेश उरतो. त्या रात्रीच्या चालण्यातला निर्णय पुसट होतो.

तिन्ही कथांमध्ये एक समान धागा दिसतो. मूळ संहितेत स्त्रीचा निर्णय आहे : सीतेचा नकार, रुक्मिणीचे पत्र, द्रौपदीची भीमाकडे जाणारी वाट. रूपांतराच्या प्रत्येक टप्प्यावर हा निर्णय त्रात्याच्या पराक्रमाखाली झाकला जाण्याचा धोका असतो. त्यासाठी रूपांतरकारांचा हेतू वाईट असावा लागत नाही; सुटकेच्या कथेला वेग हवा असतो आणि निर्णय वेगाच्या आड येतो.

५

हा विचार भंडाऱ्यात बसून करण्याला एक कारण आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, खडी गंमत वा नाटक होते. खडी गंमतीत स्त्रीवेषातला नाच्या पुरुषच असतो. झाडीपट्टीच्या नाटकांतही पूर्वी पुरुषच स्त्रीभूमिका करीत. आज नाट्यमंडळ्यांत स्त्री-कलावंत आहेत आणि प्रेक्षकांत बायकांची संख्या मोठी असते. ज्या प्रयोगसंकेतांवर साळुंक्यांची सीता उभी होती ते आमच्याकडे इतिहासजमा झालेले नाहीत. त्यामुळे पुरुषाने वठवलेली स्त्री प्रेक्षक कशी स्वीकारतो हे अनुमानाने सांगावे लागत नाही. मंडईत जाऊन पाहता येते. आणि तेथेच हेही दिसते, की मंचावर प्रत्यक्ष स्त्री आली म्हणजे तिच्या निर्णयाला आपोआप जागा मिळते असे नाही. देह आला तरी वाक्य जुनेच राहू शकते.

वर्गात महदंबेचे धवळे शिकवताना एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, आज असे झाले तर कृष्णावर गुन्हा दाखल होईल ना?” वर्ग हसला. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. भारतीय दंड संहितेचे कलम ३६६ विवाहासाठी स्त्रीला पळवून नेण्याविषयीचे होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ ने घेतली. सज्ञान स्त्री स्वेच्छेने गेली असेल तर कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा होत नाही. परंतु तक्रार लिहिली जाते ती ‘फूस लावून पळवून नेले’ या ठरीव वाक्यात. ‘पळून गेली’ म्हणणे घराला कमीपणाचे वाटते. ‘पळवली’ म्हटले की घर पीडित ठरते आणि मुलगी कर्म होते. रुक्मीनेही याच वाक्यात तक्रार दिली असती. अज्ञान मुलींना खरोखर फसवून नेले जाते, विकले जाते, हेही तितकेच सत्य आहे. त्यांच्यासाठी ‘पळवली’ हेच खरे वाक्य आहे आणि तेथे संमतीची भाषा बोलणे क्रूरपणा ठरेल. म्हणूनच दोन वाक्यांतला भेद राखणे आवश्यक आहे.

हा भेद पुसला गेल्यावर काय होते याचे उदाहरण स्वतंत्र भारताच्या आरंभीच आहे. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला. त्याच्या व्याख्येत सोळा वर्षांखालील मुलगे आणि कोणत्याही वयाच्या स्त्रिया एकत्र बसवल्या होत्या. हजारो स्त्रियांसाठी ती खरी सुटका होती. पण ज्यांना परत जायचे नव्हते, ज्यांनी नव्या घरात मूलबाळ मांडले होते, त्यांच्या नकाराला त्या कायद्यात निर्णायक स्थान नव्हते. ऊर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून हे विस्ताराने दाखवले आहे. राज्यसंस्थेने त्रात्याची भूमिका घेतली होती, आणि त्रात्याला पाटी वाचायला थांबता येत नाही.

६

मेलोड्रामा सुटकेपाशी संपतो. आपल्या बायकांनी जात्यावर गाइलेल्या ओव्या मात्र तेथे थांबल्या नाहीत. त्यांत रावणाने नेलेल्या सीतेहून रामाने वनात धाडलेली सीता अधिक जवळची आहे. हरणापेक्षा सुटकेनंतरचे एकटेपण त्यांना सांगावेसे वाटले. सुटकेने स्त्रीचा प्रश्न संपत नाही, हे त्या समीक्षेच्या कितीतरी आधी ओळखून होत्या.

मूकपटांतील हरणकथा आज वाचायच्या त्या या प्रश्नासाठी. त्या जुन्या, भोळ्या वा केवळ धार्मिक म्हणून दूर सारणे जितके चूक, तितकेच त्यांना आयात केलेल्या सूत्रात कोंबणेही चूक. त्यांच्या शब्दहीनतेत एक प्रश्न स्पष्ट दिसतो, जो पुढे बोलपटाच्या संवादांत आणि गाण्यांत सहज लपून जाऊ शकतो : ही बाई काय म्हणते आहे, आणि ते आपल्याला कोण सांगतो आहे? हा प्रश्न प्रथम चित्रपटाला, मग नाटकाला आणि शेवटी तक्रारीच्या कागदालाही विचारता आला, तर वर्गातल्या त्या मुलीला उत्तर देण्याची पात्रता आपल्या अंगी थोडीफार येईल.